पाऊस आणि रानटर्की

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात रानटर्कीचा हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो. दिवस पाऊसपाण्याचे असतात. टर्की आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्या कुळातली, आणि तिचा नरही पिसारा फुलवून माद्यांपुढे मिरवतो. पावसाशी नातं मात्र उलटं. ढग दाटले की मोराला कंठ फुटतो. टर्कीचा नर पाऊस लागला की बहुधा गप्प होतो. पहाटे झाडावरून येणाऱ्या त्याच्या सादेवरच शिकारी जागा हेरतात. ती थांबली की पुष्कळजण घरीच बसतात.

जाणकार त्याच दिवशी बाहेर पडतात. टर्कीला वास जवळजवळ येत नाही. तिची सारी भिस्त डोळ्या-कानांवर. मान न वळवता तिला सुमारे 270 अंशांचा टापू दिसतो. पण पावसात पानापानावर थेंब वाजतात, फांद्या हलतात आणि झाडीत दबा धरलेल्या कोयोटची चाहूल लागत नाही. म्हणून ती कुरणात किंवा मोकळ्या शेतात येऊन उभी राहते. लपण मांडायचं ते तिथेच, बांधाच्या कडेला.

हे लपण म्हणजे कापडी तंबू, आतून काळा. आतल्या माणसानेही काळे कपडे घालायचे आणि पाठीमागची खिडकी बंद ठेवायची, नाहीतर मागच्या उजेडात त्याची हालचाल उठून दिसते. हरीण नव्या तंबूला बिचकतं, टर्की सहसा बिचकत नाही. ओल्या मातीत खुंट्या सैल होतात, म्हणून त्या खोल ठोकाव्या लागतात. मादीची बनावट मूर्ती 15-20 मीटरवर उभी करतात. मादीचा आवाज काढायची खडू लावलेली लाकडी पेटी ओलाव्याने मुकी होते. मग टाळूला चिकटवायची, रबरी पडद्याची शिट्टी कामी येते.

भिजलेला नर जवळून पाहिला तर ओळखू येत नाही. छातीवरची तांब्यासारखी झळाळी विझलेली, पिसं अंगाला चिकटलेली, दाढीचा झुपका पिळून बारीक झालेला. पाऊस उघडला की तो अंग झटकतो, चोचीने पिसं सारखी करतो आणि पुन्हा साद घालतो. माझ्या मते लपणातली खरी वेळ हीच. पावसात जो टिकून राहिला, त्यालाच ती मिळते.

छर्ऱ्याच्या बंदुकीने नेम डोक्यावर आणि मानेवर धरतात, तोही 35 मीटरच्या आत. धनुष्यबाणवाल्यांनी मुसळधार पावसात बाण सोडूच नये. जखमी पक्षी निसटला तर रक्ताचा माग धुऊन जातो आणि तो कुठेतरी तडफडून मरतो. वीज चमकू लागली की लपण सोडून गाडी गाठायची, यात तडजोड नाही.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार थांबली. तिकडे मात्र टर्की सावरली ती बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्याच पैशांवर. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे 1930 च्या दशकात तिची वाताहत झाली होती. 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळू लागला. आधी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले; ते टिकेनात. पुढे तोफेने जाळं उडवून रानटी पक्षी पकडायचे आणि रिकाम्या जंगलात सोडायचे, ही युक्ती फळली. मिसुरीत 1960 साली हंगाम पुन्हा उघडला. आज अलास्का सोडून प्रत्येक राज्यात रानटर्की आहे.

मात्र शिकाऱ्याला साथ देणारा हाच पाऊस टर्कीच्या पुढच्या पिढीवर उठतो. मादी जमिनीवर दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे 28 दिवस उबवते. ओल्या मादीचा वास जास्त पसरतो आणि रॅकूनला घरटं सापडतं, असं अभ्यासकांना वाटतं. पिल्लांची लव भिजली की त्यांना ऊब धरता येत नाही; आई पंखाखाली घेते, तरी गार पावसाच्या झडीत कितीतरी दगावतात. मे-जूनमधल्या अशा झडीचा फटका शिकाऱ्याला दोन वर्षांनी कळतो, जाणते नर कमी दिसू लागतात तेव्हा. त्यात दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत टर्कीची संख्या अलीकडे घटली आहे. माद्यांचं मीलन निर्वेध व्हावं म्हणून टेनेसी आणि जॉर्जिया यांनी हंगाम उशिरा उघडायला सुरुवात केली आहे. जॉर्जियात तर 2022 पासून एका शिकाऱ्याला हंगामात तीनऐवजी दोनच नर मारता येतात.