मेल उघडताना सारखी सर्टिफिकेटची वॉर्निंग येतेय? ‘येस’ दाबण्याआधी हे वाचा



सोलापुरात टॉवेल-चादरींचा धंदा करणारे आमच्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी आउटलुक उघडलं की वॉर्निंग यायची : सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्ये अडचण आहे, तरी पुढे जायचं का? काका न वाचताच ‘येस’ दाबायचे. “रोजचंच आहे रे ते!” पण त्याच मेलवर ऑर्डरी, बिलं आणि बँक खात्यांचे तपशील येतात. म्हणून ही वॉर्निंग नक्की काय सांगते, ते आज बघूया.

सर्टिफिकेट म्हणजे काय?

सोप्या भाषेत, मेल सर्व्हरचं ओळखपत्र. पासवर्ड पाठवण्याआधी तुमचा कॉम्प्युटर तीन गोष्टी तपासतो : मुदत चालू आहे का, नाव जुळतंय का, आणि ते देणारी संस्था भरवशाची आहे का. एक जरी गोष्ट चुकली तरी वॉर्निंग येते. त्यामुळे आधी ‘व्ह्यू सर्टिफिकेट’वर क्लिक करून कारण वाचा.

१. तारीख चुकलेली असेल तर

काकांचं दुखणं हेच होतं. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी कॉम्प्युटर थेट २००९ सालात! मग आजचं सर्टिफिकेट त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटायचं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला होता. तो बदलला, तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली आणि वॉर्निंग गेली.

तारीख बरोबर असूनही मुदत संपलेली दिसत असेल, तर चूक सर्व्हरच्या बाजूची आहे. तुमच्या मेल किंवा होस्टिंग कंपनीला कळवा. नवीन सर्टिफिकेट त्यांनीच बसवायचं असतं.

२. नाव जुळत नसेल तर

स्वतःच्या डोमेनवर मेल असणाऱ्यांना हे जास्त भेटतं. सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव तुमच्या डोमेनचं असतं, पण सर्टिफिकेट होस्टिंग कंपनीच्या नावाचं. कंपनीकडून सर्व्हरचं बरोबर नाव विचारून घ्या आणि ते इनकमिंग व आउटगोइंग अशा दोन्ही ठिकाणी टाका. आयमॅपसाठी बहुतेक ठिकाणी ९९३ हा पोर्ट लागतो.

३. संस्था अनोळखी असेल तर

इथे जरा थांबा. कधी कारण साधं असतं. लेट्स एन्क्रिप्टच्या सर्टिफिकेटांना आधार देणारं एक जुनं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, तेव्हा अपडेट न केलेल्या बऱ्याच जुन्या उपकरणांवर अचानक वॉर्निंग येऊ लागल्या. यावर उपाय म्हणजे सिस्टिम अपडेट. काही वेळा तुमचाच अँटिव्हायरस मेल तपासताना मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट लावतो. तेव्हा देणाऱ्याच्या जागी त्याचं नाव दिसतं.

पण वॉर्निंग फक्त लॉजच्या किंवा स्टेशनच्या वायफायवरच येत असेल, तर ‘येस’ दाबू नका. मध्ये बसून कुणीतरी तुमचा पासवर्ड वाचू शकतो. मोबाइल डेटावर जाऊन बघा.

हे खरंच घडतं का?

हो, आणि आपल्याच देशात घडलंय. जुलै २०१४ मध्ये, एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या डोमेनसाठी परवानगी नसलेली सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलच्या लक्षात आलं. भारताच्या सीसीए या नियंत्रक कार्यालयाने दुसऱ्याच दिवशी एनआयसीची संबंधित सर्टिफिकेटं रद्द केली. असं रद्द झालेलं सर्टिफिकेट समोर आलं, तर आपल्याला सावध करते ती हीच वॉर्निंग. रोज डोळे झाकून ‘येस’ दाबायची सवय लागली की खऱ्या धोक्याच्या दिवशीही हात आपोआप तिकडेच जातो.

बाहेरच्या वायफायवर आधीच ‘येस’ दाबून बसलात? मग मोबाइल डेटावरून आजच पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.