कापसाने पाहिलेला समुद्र
आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. तरी परवा गेवराईच्या रस्त्यावर एका लोखंडी कंटेनरवर ‘कॉस्को’ ही अक्षरे दिसली. ही चीनची सरकारी जहाज कंपनी. १९६१ साली स्थापन झाली. २०१६ मध्ये ‘चायना शिपिंग’ तिच्यात मिसळली आणि त्याच वर्षी ग्रीसच्या पिरेअस बंदराचे ५१ टक्के भाग तिने घेतले.

आमच्या कापसाच्या गाठी न्हावा-शेव्याहून परदेशी जातात. जहाजाचे भाडे दूर कुठेतरी ठरते. वाढले, तर शेवटी ते शेतकऱ्याच्या भावातूनच कापले जाते.

वर्गात हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आमच्या कापसानं समुद्र पाहिला, माझ्या बापानं कधी पाहायचा?”

कवितेचे पुस्तक मिटून मी जगाचा नकाशा मागवला.