नुसत्या गोळीवर विसंबू नका

मधमाश्या डसलेल्या एका शेतकऱ्याला घरच्यांनी अ‍ॅलर्जीची गोळी देऊन तासभर बसवून ठेवले. माझ्याकडे आणले तेव्हा अंगभर गांधी, आवाज घोगरा, नाडी क्षीण. मी आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचे ०.५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले. काही मिनिटांत तो सावरला. गोळीने खाज कमी होते. सुजणारा घसा आणि घसरणारा रक्तदाब नाही. डंख, औषध किंवा शेंगदाण्यासारख्या पदार्थानंतर धाप, घोगरेपणा किंवा भोवळ आली, तर रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. चालवू नका. १०८ ला फोन करा. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयातच थांबा, कारण त्रास उलटू शकतो.