फिलरनंतरचा काळानिळा डाग

फिलर टोचल्यानंतर चेहऱ्यावर उठणारा काळानिळा डाग म्हणजे त्वचेखाली साकळलेले रक्त. ओठ भरीव करण्यासाठी, डोळ्यांखालची खळगी भरण्यासाठी किंवा गालांना उठाव देण्यासाठी त्वचेखाली जेल भरतात. ते बहुधा हायलुरोनिक ॲसिडचे असते. जेल नेताना सुई केशवाहिन्या आणि बारीक शिरांच्या दाट जाळ्यातून जाते. एखादी शीर टोचली गेली की रक्त झिरपते आणि आजूबाजूच्या ऊतींत पसरते. डोळ्यांभोवतीची त्वचा अतिशय पातळ असते आणि ओठांना रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे या दोन जागी डाग लवकर पडतो आणि ठळक दिसतो.

डाग आधी लालसर, मग निळा-जांभळा, पुढे हिरवट आणि शेवटी पिवळा होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे विघटन होताना आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते, म्हणून हे रंग दिसतात. बहुतेक डाग ७ ते १४ दिवसांत पूर्ण जातात.

दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा परिसरात या दिवसांच्या हिशेबाला फार महत्त्व आहे. कार्तिकी एकादशीला तिकडे देवउठनी म्हणतात आणि तिच्यानंतर लग्नांची धामधूम सुरू होते. लग्नाच्या आठवड्यात फिलर घेतले तर हळदीच्या आणि संगीताच्या दिवशीही डाग चेहऱ्यावर असू शकतो. डाग जाण्यासाठी किमान २ आठवडे हाताशी ठेवावेत. सूज पूर्ण उतरावी आणि काही कमी-जास्त वाटल्यास दुरुस्ती करता यावी, यासाठी ४ आठवड्यांचे अंतर बरे.

पूर्वतयारीत सर्वांत मोठा वाटा औषधांचा आहे. ॲस्पिरिनमुळे रक्तातील बिंबाणूंची एकमेकांना चिकटण्याची क्षमता कायमची जाते. बिंबाणूचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असल्याने नवे तयार होईपर्यंत रक्तस्राव लांबतो. म्हणून अंगदुखी-डोकेदुखीसाठी अधूनमधून घेतलेले ॲस्पिरिन आठवडाभर आधी टाळावे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबाबतही डॉक्टरांशी बोलून तसेच करावे. गरज पडल्यास पॅरासिटामॉल चालते. माशाच्या तेलाच्या, व्हिटॅमिन ई, गिंको आणि लसणाच्या कॅप्सूलही थांबवण्याचा सल्ला दिला जातो. रोजच्या जेवणातली हळद किंवा लसूण सोडण्याची गरज नाही. मद्यपान आदल्या दिवसापासून बंद असावे. मात्र हृदयविकार, स्टेंट किंवा पक्षाघातासाठी सुरू असलेले रक्त पातळ करणारे औषध परस्पर बंद करू नये. त्यातून होणारा धोका डागापेक्षा कितीतरी मोठा आहे. त्याचा निर्णय ते औषध देणारे डॉक्टरच करू शकतात.

उरलेला वाटा टोचणाऱ्या हाताचा. कुशल डॉक्टर चांगल्या उजेडात शिरांची जागा पाहून घेतात, आधी बर्फ लावून रक्तवाहिन्या आकसू देतात आणि जेल थोडे थोडे, सावकाश सोडतात. काही जागी धारदार सुईऐवजी बोथट टोकाची कॅन्युला वापरतात. ती एकाच छिद्रातून आत फिरते आणि शिरेला भेदण्याऐवजी बाजूला सारते, त्यामुळे डागांचे प्रमाण कमी होते. रक्त दिसताच त्या जागी काही मिनिटे घट्ट दाब दिला की डाग लहान राहतो.

पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटे, मध्ये खंड घेत लावावा. डोके उंच ठेवून झोपावे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून पहिले १ ते २ दिवस उत्तर भारतातल्या उन्हाळ्यातले भर दुपारचे ऊन टाळावे. थंडीत कडकडीत पाण्याची अंघोळ आणि तोंडासमोरचा रूम हीटर टाळावा. या काळात जिमचा व्यायाम आणि जोरकस नाचही नको. फेशियल आणि मसाज निदान २ आठवडे लांब ठेवावेत. अर्निका या वनस्पतीच्या उपयोगाबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पल्स्ड डाय लेझरने डाग लवकर फिका होऊ शकतो. टोचल्याची छिद्रे बुजल्यावर, साधारण दुसऱ्या दिवसापासून, पिवळसर कन्सीलरने जांभळेपणा झाकता येतो.

प्रत्येक रंगबदल मात्र साधा डाग नसतो. जेल धमनीत शिरले किंवा तिच्यावर दाब आला तर रक्तपुरवठा तुटतो. त्वचा पांढरी पडणे, जाळीसारखे निळसर-जांभळे चट्टे उठणे, वेदना वाढत जाणे, दृष्टी अंधूक होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नये. डॉक्टरांना तत्काळ गाठावे. हायलुरोनिडेज हे विकर हायलुरोनिक ॲसिडचे जेल विरघळवते आणि ते वेळेत दिल्यास त्वचा वाचू शकते. दृष्टीवर परिणाम झाल्यास थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

म्हणून ठिकाण निवडताना स्वस्त दरावर किंवा पार्लरच्या जाहिरातीवर जाऊ नये. राजधानी परिसर अनेक राज्यांत विभागला आहे. दिल्लीतल्या डॉक्टरांची नोंदणी दिल्ली मेडिकल कौन्सिलकडे, गुरुग्राम-फरीदाबादमधल्यांची हरियाणाच्या, तर नोएडा-गाझियाबादमधल्यांची उत्तर प्रदेशच्या कौन्सिलकडे तपासावी. जेलचे सीलबंद खोके आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि हायलुरोनिडेज दवाखान्यात हाताशी आहे का, हे टोचून घेण्याआधी विचारावे. उत्तर नाही असे आले, तर तिथे फिलर घेऊ नये.