आपला सूर्य किती भडकू शकतो?

वसई-विरार किनाऱ्यावरच्या अर्नाळा आणि पाचूबंदरच्या मासेमारी बोटी जीपीएसवर वाट काढतात. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर ढवळतो आणि जीपीएसने दाखवलेली जागा चुकू शकते. म्हणून सूर्याच्या रागाचा अंदाज वसई-विरारलाही हवाच.

2 सप्टेंबर 1859, कुलाबा

कुलाबा वेधशाळेत तेव्हा चुंबकमापकाच्या नोंदी हाताने घेत, एरवी तासातासाने. त्या दिवशी आकडे इतक्या वेगाने पडू लागले की काही मिनिटांच्या अंतराने नोंदी कराव्या लागल्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक, आजच्या एककात, सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळला. आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यडागांपाशी लख्ख भडका दिसला होता. त्या भडक्यापाठोपाठ उठलेल्या या चुंबकीय वादळाचा जोर ठरवताना संशोधक आजही कुलाब्याच्या नोंदींकडेच वळतात. (विजेच्या ट्रामचा त्रास नको म्हणून 1904 मध्ये चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला हलवलं गेलं.)

भडका आणि क्ष-किरण

सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण 5,500 अंश सेल्सिअस, पण करोना या बाहेरच्या थराचं दहा लाख अंशांच्या वर. चुंबकीय रेषांना पीळ पडत जातो, त्या तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. तिथला वायू एक-दोन कोटी अंशांपर्यंत तापतो. इतका तप्त वायू मुख्यतः क्ष-किरणांतच चमकतो. दूरच्या ताऱ्यांवरही असे भडके उडतात, पण त्यांचे डाग वेगळे दिसत नाहीत. क्ष-किरण मात्र मोजता येतात. काही मिनिटांत चढून हळूहळू उतरणाऱ्या आलेखावरून भडक्याची ऊर्जा कळते, चुंबकीय रेषांच्या कमानींच्या लांबीचाही अंदाज बांधता येतो.

दुसरे सूर्य कशाला?

1859 सारखी घटना फार क्वचित घडते. एकाच सूर्याकडे बघत बसलो तर शतकं जातील, म्हणून त्याच्यासारखे अनेक तारे बघायचे. कालेय तारकासमूहातला ईके ड्रॅकोनिस हा सूर्याच्याच जातीचा, पण वयाने कोवळा तारा. आपला सूर्य स्वतःभोवती फिरायला पंचवीसेक दिवस घेतो, हा तीन दिवसांच्या आत फिरतो. त्याचा क्ष-किरण प्रकाश सूर्याच्या शेकडो पट आहे. वेगवान फिरकी म्हणजे जोरदार चुंबकत्व. वय वाढतं तशी फिरकी मंदावते आणि तारा निवतो. आपला 460 कोटी वर्षांचा सूर्य त्यामानाने शांत आहे, ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटते.

पुन्हा कुलाबा

क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात, त्यामुळे दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. 28 सप्टेंबर 2015 रोजी झेपावलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. समोरून येणारे क्ष-किरण साध्या आरशात शोषले जातात. पाण्यावर सपाट फेकलेला दगड जसा टप्पा घेतो, तसे ते अगदी तिरप्या कोनातच परावर्तित होतात. म्हणून या दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेले पातळ आरसे एकात एक बसवले आहेत. याच दुर्बिणीने चंद्रा आणि हबल या अवकाश दुर्बिणींच्या जोडीने प्रॉक्सिमा सेंटॉरीवर नजर ठेवली. तो अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रॉक्सिमा सूर्यासारखा नाही, छोटा लाल तारा आहे, पण भडक्याची यंत्रणा तीच.

अ‍ॅस्ट्रोसॅटची साठवलेली निरीक्षणं इस्रोने 2018 मध्ये सर्वांना खुली केली. वसई-विरारच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांनी एखाद्या ताऱ्याची निरीक्षणं उतरवून घ्यावीत आणि त्याचा आलेख स्वतः काढून पाहावा.