काळी मोहरी आली म्हणून घाबरायचं कशाला? आनंद यांचा सिसिलियन डाव

हजीरा-सुरतकडे मराठी आणि गुजराती पोरं एका पटावर बसली तरी घोडा, उंट, वजीर हे शब्द दोघांनाही कळतात. अडचण वेगळीच. काळी मोहरी वाट्याला आली की पहिली चाल समोरच्याची. मग आपण नुसता बचावच करायचा का?

यावरचा जुना उपाय म्हणजे सिसिलियन बचाव. पांढऱ्याने ई4 केलं की काळा सी5 करतो. पुढे पांढरा डी4 खेळला की काळा आपलं सी पट्टीतलं प्यादं देऊन त्याचं मधलं प्यादं घेतो. सी पट्टी मोकळी होते, हल्ल्याला वाट मिळते.

जानेवारी 2006, नेदरलँड्समधलं वाइक आन झी. पांढऱ्याकडून 16 वर्षांचा सर्गेई कार्याकिन, काळ्याकडून विश्वनाथन आनंद. सिसिलियनचाच नायडॉर्फ प्रकार. दोघांनी विरुद्ध बाजूंना किल्लेकोट केला आणि शर्यत लागली. आनंद यांनी आधी उंट देऊन ए पट्टी उघडली. 24व्या चालीला घोडा सी7 वर, थेट वजिराच्या तोंडात! वजिराने घोडा खाल्ला, पाठोपाठ दुसरा उंटही. पण तेवढ्यात तो राजापासून लांब गेला. काळ्याचे हत्ती-वजीर ए पट्टीतून घुसले. 37व्या चालीला कार्याकिनने डाव सोडला.

राजे विरुद्ध बाजूंना असले की मोहरी मोजू नका, चाली मोजा. आधी कोण पोचतो, तो जिंकतो.