रास्पबेरी पाय आणि जुने व्हिडिओ गेम : काही रूढ गैरसमज

पुण्याजवळ भोसरीच्या लघुउद्योगांपासून चाकणच्या मोटार कारखान्यांपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात ‘रास्पबेरी पाय’ हे नाव आता अपरिचित राहिलेले नाही. यंत्रावर किती नग निघाले याची मोजदाद करण्यासाठी, एखाद्या खोलीचे तापमान नोंदवण्यासाठी किंवा अभियांत्रिकी पदविकेच्या अखेरच्या वर्षातील प्रकल्पासाठी म्हणून आणलेला, ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद असा हा एकाच बोर्डावरचा संगणक काम संपल्यावर पुष्कळदा टेबलाच्या खणात पडून राहतो. आणि तो दूरचित्रवाणी संचाला जोडला तर, १९९०च्या दशकात ‘सामुराय’ किंवा ‘लिटल मास्टर’ अशा यंत्रांत कॅसेट घालून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळण्यात ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्या घालवल्या, त्यांना ते खेळ पुन्हा हाती घेता येतील, ही कल्पना ऐकताक्षणीच मनाला पटते. कल्पना यथार्थ आहे. परंतु तिच्याभोवती ऐकीव माहितीचा असा गुंता होऊन बसला आहे की कुणी भीतीपोटी आरंभच करीत नाही आणि कुणी उतावळेपणाने बोर्ड जाळून मोकळा होतो. या गैरसमजांचे मूळ मला बहुधा एकच दिसते: खेळासाठी वापरायचा म्हणून या बोर्डाला खेळणेच समजले जाते. कारखान्यातील नियंत्रकाला जी शिस्त आपण विनातक्रार लावतो तीच याला लावली, तर बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत.

पहिला गैरसमज प्रतिष्ठेचा आहे. शिक्षणासाठी निर्मिलेले साधन खेळात वाया घालवणे हा त्याचा दुरुपयोग होय, असे काही पालक आणि शिक्षक मनापासून मानतात. १९८०च्या दशकात घरगुती संगणकांनी एक पिढी प्रोग्रॅम लिहायला शिकवली, तशी संधी नव्या पिढीला मिळावी या हेतूने केंब्रिजमधील एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बोर्ड तयार केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो ३५ डॉलर किमतीला विक्रीस आणला, हे खरे; पण त्याच सहकाऱ्यांमध्ये डेव्हिड ब्रेबन हे गृहस्थ होते, ज्यांनी इयन बेल यांच्यासह १९८४ साली ‘एलीट’ हा अंतराळातील व्यापाराचा विख्यात खेळ ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकासाठी लिहिला होता. तोच बीबीसी मायक्रो भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून १९८४ पासून आपल्याकडील निवडक माध्यमिक शाळांतही आला. तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीनेच १९८५ साली ‘आर्म’ या प्रोसेसरचा पहिला नमुना सिद्ध केला आणि त्या वंशाचा प्रोसेसर आज रास्पबेरी पायच्या प्रत्येक संगणकात आहे. जुन्या खेळांचा आणि या बोर्डाचा संबंध असा जन्मापासूनचा आहे. जुने यंत्र आतून कसे चालत असे, हे ते नव्या यंत्रात हुबेहूब उभे करताना जितके कळते तितके पाठ्यपुस्तक वाचून कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा गैरसमज शक्तीविषयीचा असून तो दोन टोकांचा आहे. एका टोकाला असे म्हणणारे की नवीन, महाग बोर्ड घेतल्यावाचून काहीच चालणार नाही. दुसऱ्या टोकाला असे की जुना खेळ म्हटला की तो कशावरही धावेल. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात आणलेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके देत असे आणि त्याची कार्यकारी स्मृती अवघी २ किलोबाइट होती. २०१६ सालच्या ‘पाय ३’मध्ये १.२ गिगाहर्ट्झचे चार गाभे आणि १ गिगाबाइट स्मृती आहे. तेव्हा आठ आणि सोळा बिटांच्या काळातील खेळ त्यावर सुखेनैव चालतात आणि १९९४ सालच्या पहिल्या प्लेस्टेशनचेही बहुतेक खेळ चालतात. परंतु केवळ आकड्यांची तुलना येथे फसवी ठरते. मूळ यंत्रात प्रोसेसर, चित्र काढणारी चिप आणि ध्वनीची चिप एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करीत; जुन्या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजेच एम्युलेटरला, मात्र त्या सर्वांची कामे एकामागून एक आणि तरीही अचूक वेळेवर उरकावी लागतात. म्हणूनच ३.५८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या सुपर निन्टेन्डोचे कमालीचे काटेकोर अनुकरण करायचे तर ३ गिगाहर्ट्झच्या घरातला डेस्कटॉप संगणक लागतो, आणि पायवर आपण जे वापरतो ते काही सवलती घेतलेले, पण खेळणाऱ्याला पुरेसे विश्वासू अनुकरण असते. १९९६ सालच्या ‘निन्टेन्डो ६४’चे खेळ पाय ३ वर रखडतात, ‘पाय ४’ आणि ‘पाय ५’ ते बऱ्यापैकी पेलतात. प्लेस्टेशन २ची आशा धरून या वाटेला लागू नये.

येथे एका तक्रारीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती विशेषकरून आपल्याकडची आहे. लहानपणी खेळलेला खेळ पायवर लावला की तो ‘जास्त वेगाने पळतो’ आणि संगीतही घाईचे वाटते, म्हणून पुष्कळजण एम्युलेटरमध्ये बिघाड आहे असे समजून मांडणी बदलत बसतात. वस्तुस्थिती अशी की जपान आणि अमेरिका येथील दूरचित्रवाणी पद्धतीत पडद्यावर सेकंदाला ६० वेळा चित्र उमटे, तर भारताने स्वीकारलेल्या ‘पाल’ पद्धतीत ५० वेळा. आणि त्या काळच्या खेळांची गती चित्राच्या प्रत्येक फेरीशी बांधलेली असल्यामुळे, आपल्या संचांसाठी जुळवून घेतलेल्या नकली फॅमिकॉम यंत्रांवर तेच खेळ सहाव्या हिश्शाने मंद चालत. तेव्हा पायवर दिसणारी गती ही मूळ रचनाकारांना अभिप्रेत असलेली गती आहे. आपल्या स्मरणात राहिली ती मंदावलेली. ज्यांना तीच हवी असेल त्यांनी एम्युलेटरच्या मांडणीत प्रदेश ‘पाल’ किंवा ‘डेंडी’ (नकली फॅमिकॉम यंत्रांची ५० फेऱ्यांची पद्धत) असा निवडून पाहावा.

आता विजेकडे वळू, कारण सर्वाधिक बोर्ड याच प्रकरणी हकनाक बदनाम होतात. मोबाइलचा कोणताही चार्जर चालेल, हा समज इतका दृढ आहे की खेळ अडखळू लागला, आवाज तुटू लागला किंवा बोर्ड मधूनच नव्याने सुरू होऊ लागला तरी दोष प्रोसेसरला दिला जातो. पाय ३ला ५ व्होल्टवर २.५ अँपिअर, पाय ४ला ३ अँपिअर आणि पाय ५ला ५ अँपिअर देऊ शकेल असा पुरवठा असावा, असे निर्मात्यांचेच सांगणे आहे. मोबाइलचा जलद चार्जर डब्यावर कितीही वॉट मिरवत असला तरी ती शक्ती तो बहुधा ९ किंवा त्याहून अधिक व्होल्टवर देतो. ५ व्होल्टवर त्याची क्षमता मर्यादितच असते. त्यात बारीक तारेची भर पडते. तारेचा रोध केवळ ०.१५ ओहम धरला आणि ३ अँपिअरची मागणी झाली, तर ०.४५ व्होल्ट वाटेतच खर्च होऊन बोर्डापर्यंत ४.५५ व्होल्ट पोहोचतात; आणि दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह उमटते व प्रोसेसर आपली गती आवरती घेतो. ते चिन्ह पुसून टाकण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. चिन्ह पुसल्याने वीज वाढत नाही. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जाऊन योग्य अडॅप्टर आणि जाड तार आणावी, हाच त्यावरचा इलाज.

आमच्या भागातील कुशल हातांना एक इशारा मला कळकळीने द्यावासा वाटतो. ज्याने आयुष्य पॅनेल जोडण्यात घालवले, त्याला लाल-हिरवी पुश बटणे आणि जॉयस्टिक बसवून आर्केडसारखी पेटी करणे ही हातचा मळ असलेली गोष्ट वाटते. पण कारखान्यातील नियंत्रणाची वीज बहुधा २४ व्होल्टची असते आणि रास्पबेरी पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच सोसतात, ५ व्होल्टही नाहीत. प्रॉक्सिमिटी सेन्सर किंवा दिव्याच्या बटणाची २४ व्होल्टची तार त्या पिनेला एकदा जरी लागली तरी बोर्ड कायमचा निकामी होतो. बटणाचा कोरडा संपर्क पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडणे सुरक्षित आहे. त्याहून निर्धोक म्हणजे यूएसबीवर चालणारा तयार एन्कोडर बोर्ड वापरणे. दुसरी गोष्ट पेटीची. लेसरने कापलेल्या, पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याची पेटी आपल्याकडे सुबक होते खरी, पण वायफाय आणि ब्लूटूथचा अँटेना बोर्डावरच असल्यामुळे चहूबाजूंनी बंद पत्र्यात तो जवळजवळ बहिरा होतो, आणि बिनतारी रिमोट तुटू लागला की पुन्हा दोष बोर्डाच्याच माथी येतो. एक बाजू लाकडाची किंवा ॲक्रिलिकची ठेवावी. त्याच वेळी हवा खेळण्यास वाट ठेवावी, कारण तापमान ८० अंश सेल्सिअसला पोहोचले की प्रोसेसर स्वतःहून मंदावतो. पाय ४ आणि पाय ५ला एप्रिल-मे महिन्यांत पंख्यावाचून ठेवू नये.

मेमरी कार्ड जितके मोठे तितके चांगले, हा समज थोडक्यात निकालात काढता येतो. पहिला सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. ३२ गिगाबाइटचे अस्सल कार्ड आठ आणि सोळा बिटांच्या खेळांना पुरून उरते. कार्ड बिघडते ते लहान असल्यामुळे क्वचित, आणि लिहिणे चालू असताना वीज गेल्यामुळे वारंवार. औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा साप्ताहिक सुटीचा आणि महावितरणच्या देखभालीचाही वार. म्हणजे घरातील माणसे खेळायला मोकळी आणि वीज जाण्याचा संभव अधिक, असा योग त्याच दिवशी येतो. खेळ संपताच भिंतीवरचे बटण बंद न करता मेनूतून रीतसर बंद करण्याची सवय लावावी आणि जुळवाजुळव पूर्ण झाली की कार्डाची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवावी.

प्रोग्रॅमिंग आल्यावाचून हे जमत नाही, ही भीतीही निराधार आहे. ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा मोफत प्रोग्रॅम घरच्या संगणकावर उघडून बोर्डाचा प्रकार आणि यादीतील रेट्रोपाय किंवा रिकॉलबॉक्स ही एम्युलेटरांचा संच असलेली प्रणाली निवडावी, कार्ड लिहून होऊ द्यावे, ते बोर्डात घालून वीज द्यावी आणि पडद्यावर विचारले जाईल तसे रिमोटचे एकेक बटण दाबून त्याची ओळख करून द्यावी. मग खेळांच्या फाइली कार्डावर घालाव्या; काम इतकेच आहे. पाय ५ असेल तर रिकॉलबॉक्स, बातोसेरा किंवा लक्का यांची तयार प्रत घेणे सोयीचे. नवशिक्या मंडळींना हमखास चकवणारी एक बाब मात्र सांगून ठेवतो: रेट्रोपायच्या मेनूत ज्या यंत्राचा एकही खेळ कार्डावर नसेल ते यंत्र दिसतच नाही. रिकामा मेनू पाहून प्रत बिघडली असे समजून पुन्हा पुन्हा कार्ड लिहिणारे याच ठिकाणी अडकलेले असतात. बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो असे वाटले, तर दूरचित्रवाणी संचातील ‘गेम मोड’ सुरू करून पाहावा. विलंबाचा बराच भाग त्या संचाच्या चित्रसंस्कारातून येतो.

राहिला कायद्याचा प्रश्न, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. ‘खेळ जुने झाले, आता ते सर्वांचे’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते आणि साहित्यकृतीवरील हक्काची मुदत सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असते. ती मुदत कृती प्रसिद्ध झाल्यापासून मोजली तरी १९८५ सालच्या खेळाची मुदत अद्याप संपलेली नाही. ‘माझ्याकडे कॅसेट आहे, म्हणून मला प्रत बाळगण्याचा हक्क आहे’ हा दुसरा युक्तिवाद अधिक तपासण्याजोगा आहे. कलम ५२ मध्ये तशी मुभा खरोखरच आहे, परंतु ती प्रोग्रॅमची प्रत कायदेशीर रीतीने बाळगणाऱ्या इसमाला, त्याच प्रतीवरून आणि ती नष्ट होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून. आणि आपल्या घरोघरी आलेल्या ‘९९ खेळ एकात’ अशा कॅसेटी बहुतांशी मूळ मालकांच्या परवानगीवाचून काढलेल्या नकला होत्या. जी प्रत मुळातच बेकायदा, तिच्यावरून हक्क कसा उत्पन्न व्हावा? कलम ६३ब अन्वये बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणे हा गुन्हा असून, त्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. व्यापारासाठी किंवा लाभासाठी वापर नसेल तर कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. ‘दहा हजार खेळ भरलेले’ म्हणून विकली जाणारी कार्डे याच कारणास्तव घेऊ नयेत. ती विकणारा हक्कधारकांचा अपराधी होतोच. शिवाय रेट्रोपायमध्ये समाविष्ट असलेल्या कित्येक एम्युलेटरांचा परवानाही व्यापारी वापरास मनाई करतो, म्हणजे वर्षानुवर्षे विनामोबदला राबलेल्या रचनाकारांचाही तो अपराधी होतो.

याउलट एम्युलेटर हा प्रोग्रॅमच बेकायदा, असे समजून दूर राहणारेही चुकतात. दुसऱ्या यंत्राचे वर्तन स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमने साधणे आणि कुणाच्या खेळाची नक्कल करणे या भिन्न गोष्टी आहेत. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या दाव्यात अमेरिकी अपील न्यायालयाने २००० साली प्लेस्टेशनचा एम्युलेटर लिहिणाऱ्या कनेक्टिक्सच्या बाजूने निर्णय दिला. प्लेस्टेशनच्या बायोस फाइलवर, म्हणजे यंत्रातील मूळ प्रोग्रॅमवर, मात्र सोनीचा हक्क आहे, हे विसरू नये. निर्मळ मनाने खेळता येतील असे खेळही थोडे नाहीत. ‘डूम’चा १९९३ सालचा शेअरवेअर भाग, दाइसुके अमाया यांनी एकट्याने लिहून २००४ साली मोफत दिलेली ‘केव्ह स्टोरी’, ‘गेम बॉय’साठी खुल्या परवान्याने लिहिलेला ‘टोबू टोबू गर्ल’, आणि ‘रॉबी रोटो’ व ‘ग्रिडली’ यांसारखे आर्केडचे खेळ, जे हक्कधारकांच्या संमतीने ‘मेम’ या आर्केड एम्युलेटरच्या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ठेवलेले आहेत, एवढ्यावर अनेक सुट्या आनंदात जातील. ज्यांचा बोर्ड खणात पडून आहे त्यांनी या खेळांपासूनच आरंभ करावा, आणि कार्ड लिहिण्यापूर्वी योग्य अडॅप्टर आणून ठेवावा.